आठ महिन्यांची मुलगी बाबांकडे येत नाही, तेव्हा काय करावे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करता आणि भोसरीला आई व पत्नीसह राहता. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे परभणीला झाले. पाच महिन्यांत तुम्ही तीनदा जाऊन आलात, बाकी मुलगी मोबाइलवरच पाहिली. आता ती आठ महिन्यांची आहे. तुम्ही उचलून घेतले की रडते आणि ती रडली की तुमची आई तिला लगेच स्वतःकडे घेते. पत्नी थकलेली असते आणि ‘तुम्ही काहीच करत नाही’ असे म्हणते. तुमचे दोन प्रश्न आहेत. लहान बाळाला आईच लागते आणि वडिलांचे काम तीन-चार वर्षांनंतर सुरू होते, हे खरे आहे का? आणि वडिलांसाठी एखादा वर्ग किंवा सरकारी कार्यक्रम असतो का?

मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चोवीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि त्यातली पंधरा वर्षे वडिलांबरोबर वेगळ्या बैठका घेत आलो आहे. या अनुभवावरून सांगतो की तुमची खरी अडचण मुलीच्या रडण्यात नाही. तुमच्या घरात मुलीचे असे एकही काम नाही, जे तुम्ही केले नाही तर व्हायचे राहून जाईल. तिला भरवणे, अंघोळ, झोपवणे, लंगोट, औषध, सगळे तुमच्यावाचून सुरळीत चालते. म्हणून तुम्ही जवळ गेलात तर ते तिच्या दिवसाच्या क्रमातले नसते, मधेच आलेले काहीतरी असते.

रडण्याविषयी आधी बोलतो, कारण त्याने तुमचे मन दुखावले आहे. साधारण सातव्या ते नवव्या महिन्यात बाळाला ओळखीचा आणि अनोळखी माणूस यांतला फरक ठळकपणे कळू लागतो आणि अनोळखी हातात ते घाबरते. हे बुद्धीच्या वाढीचे चिन्ह आहे. तिने तुम्हाला नाकारलेले नाही, रोजच्या माणसांच्या यादीत तुमचे नाव अजून चढलेले नाही, एवढेच. ही यादी बाळ रक्ताच्या नात्यावरून करत नाही. भूक लागली, ओले वाटले, झोप आली, त्या वेळी कोण आले, यावरून करते. त्यामुळे रविवारी दोन तास खेळवण्यापेक्षा रोजची वीस मिनिटांची काळजी जास्त उपयोगी पडते.

आता तुमचा पहिला प्रश्न. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध हवे आणि ते वडील देऊ शकत नाहीत, हे खरे आहे. त्यापलीकडे बाळाचे असे कोणतेही काम नाही जे निसर्गाने वडिलांना नाकारले आहे. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात सहाशेहून अधिक पुरुषांचा काही वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वडील झालेल्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते, आणि जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांची काळजी घेतात त्यांच्यात ते आणखी कमी असते, असे त्यात आढळले. यावरून मी एवढेच घेतो की संगोपनाशी जुळवून घेण्याची तयारी पुरुषाच्या शरीरातही असते आणि ती प्रत्यक्ष कामाशी जोडलेली असते.

मला पटण्यासाठी मात्र अभ्यासाची गरज पडली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दिवस भरण्याआधी जन्मलेली जुळी होती, एक १४०० ग्रॅमचे आणि दुसरे १६०० ग्रॅमचे. आईचे सिझेरियन झालेले, आणि छातीला लावून ऊब द्यायला बाळे दोन. अशा बाळांना त्वचेला त्वचा लावून छातीवर ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली आणि आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी तिचा आग्रह धरते. बाळांचे वडील एस.टी.त वाहक होते. त्यांना शर्टाची बटणे काढून खुर्चीत मागे टेकवून बसवले. टोपी आणि लंगोट एवढेच घातलेले धाकटे बाळ छातीवर उभे ठेवले, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून बाळाच्या आईची मऊ सुती साडी गुंडाळली. पहिली दहा मिनिटे त्यांनी मोकळा श्वाससुद्धा घेतला नाही. तासाभराने मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी साडीत हात घालून बाळाच्या तळव्याला बोट लावले होते आणि मला हळूच म्हणाले, “डॉक्टर, पाय गरम झाले.” बाळ उबदार आहे की नाही हे पायांना हात लावून पाहायचे, हे परिचारिकेने त्यांना सकाळी एकदाच सांगितले होते. पुढे बाळ घरी गेल्यावर तपासणीला वडीलच घेऊन येत आणि दुधाच्या वेळा न अडखळता सांगत.

मग बहुसंख्य वडील बाजूला का राहतात? आपल्या रीती याला बऱ्याच अंशी कारण आहेत, आणि मी त्यांचा अनादर करून हे लिहीत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्यामागे मुलीला विश्रांती आणि आईची माया मिळावी हा चांगलाच हेतू आहे. पण त्या काळात बाळ कसे धरायचे, ढेकर कशी काढायची, कोणते रडणे भुकेचे आणि कोणते झोपेचे, हे सगळे बाळाची आई शिकून घेते आणि वडील शंभर-दोनशे कोसांवर असतात. ती सासरी परतते तेव्हा तिच्या गाठीशी काही महिन्यांचा अनुभव असतो आणि तुमच्याकडे तीन भेटींचा. समारंभ पाहा. बारशाला नाव ठेवते ती आत्या, उष्टावण करतो तो मामा, जावळ काढताना बाळ बसते तेही मामाच्याच मांडीवर. वडिलांच्या वाट्याला पाहुण्यांची व्यवस्था आणि खर्च येतो. वडिलांचे प्रेम कमी असते असे यावरून मुळीच ठरत नाही. ते हाताने व्यक्त करायला त्यांना जागा नसते.

कायद्यानेही तोच साचा पक्का केला आहे. मातृत्व लाभ कायदा १९६१ साली झाला, आणि त्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईची पगारी रजा २६ आठवडे झाली. ही दुरुस्ती फार मोलाची आहे. परंतु खासगी कारखान्यातल्या वडिलांना एक दिवसही रजा देणारा कायदा देशात नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला, हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असतील तर, १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. काही कंपन्या स्वतःच्या धोरणाने थोडे दिवस देतात, तेव्हा तुमच्या मनुष्यबळ विभागात एकदा लेखी विचारा.

स्वीडनचा अनुभव मी बैठकींमध्ये नेहमी सांगतो, कारण तो घरालाही लागू पडतो. त्या देशाने १९७४ सालीच आईची रजा आई आणि वडील दोघांसाठी खुली केली. दोघांपैकी कोणीही घ्यावी, अशी सोय होती. तरीही अनेक वर्षे जवळजवळ सगळी रजा आयाच घेत राहिल्या. १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवला की तो वडिलांनी घेतला नाही तर फुकट जाईल, आईला देता येणार नाही. २००२ मध्ये असे दोन महिने झाले आणि २०१६ मध्ये ९० दिवस. त्यानंतर रजा घेणाऱ्या वडिलांची संख्या लक्षणीय वाढली. ‘कोणीही करा’ असे म्हटलेले काम शेवटी आईवरच जाते. वडिलांच्या नावाने वेगळे काढलेले काम वडील करतात. तुमच्या घरात मला हेच घडलेले हवे आहे.

म्हणून मदत करण्याचा विचार बाजूला ठेवा आणि मुलीचे एक काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या. कोणते, हे घरावर अवलंबून असते; तुमच्या बाबतीत मी अंघोळ सुचवतो, कारण ती तिन्ही पाळ्यांत बसते. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळी, दुसरी असेल तेव्हा सकाळी, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर चहा घेऊन, झोपण्याआधी. वेळ आठवड्यागणिक बदलली तरी क्रम तोच ठेवा. तेच टॉवेल, तेच गाणे, आधी पाय मग पोट मग डोके, आणि शेवटी तुमच्याच हातून कपडे. बाळाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो.

टॉवेल, लंगोट आणि झबले आधीच हाताशी ठेवा, कारण एकदा पाण्यात बसवल्यावर तिला एका क्षणासाठीही सोडून उठायचे नाही, दारावरची बेल वाजली तरी नाही. पाणी कोपर बुडवून तपासा, हाताच्या तळव्याला गरमपणा नीट समजत नाही. आठ महिन्यांचे मूल बसते, पण साबण लागला की निसटते. डावा हात तिच्या पाठीमागून काखेखाली घालून दंड धरा आणि उजव्या हाताने अंघोळ घाला. नाकात-कानात तेल घालू नका आणि अंघोळीनंतर धुरी देऊ नका, घरातल्या मोठ्यांनी आग्रह केला तरी. पहिले आठ-दहा दिवस ती रडेल. थोडे कुरकुरणे चालेल. जोरात, घाबरून रडू लागली तर पुसून उचला, आईकडे द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. रडत ठेवून सवय लावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. माझ्या पाहण्यात, रोज न चुकता काम करणाऱ्या वडिलांना साधारण दोन ते चार आठवड्यांत बाळाच्या वागण्यात फरक दिसतो. तुमच्या मुलीला जास्त वेळ लागला तरी त्यात काही वावगे नाही.

सगळ्यात अवघड भाग अंघोळीचा नसून तुमच्या आईशी बोलण्याचा आहे. त्यांनी तुम्हाला वाढवले आहे, नातीला सांभाळण्यात त्यांचा जीव आहे, आणि ती रडली की त्यांचे हात आपोआप पुढे येतात. ‘तू मधे पडू नकोस’ असे म्हणाल तर त्या दुखावतील आणि ते बरोबरही होणार नाही. त्याऐवजी म्हणा, “आई, उद्यापासून हिची अंघोळ मी घालणार. आठवडाभर तू शेजारी बसून मला शिकव, पुढच्या सोमवारपासून त्या वेळेला तू देवळात जाऊन ये.” शिकवण्याचा मान त्यांना मिळतो आणि जागा रिकामी होण्याचा दिवसही ठरतो. पत्नीलाही विनंती करा की त्या वीस मिनिटांत त्यांनी दाराशी उभे राहून सूचना देऊ नयेत. झबले उलटे घातले गेले तर घातले जाऊ द्यावे. ज्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष असते तो काम लवकर सोडून देतो, हे मी बैठकींत पुन्हापुन्हा ऐकले आहे. पण पत्नीच्या बाजूनेही पाहा. त्या सूचना देतात कारण आजवर चुकीचा त्रास त्यांनाच निस्तरावा लागला आहे. तो विश्वास तुम्हाला रोजच्या कामातूनच मिळवायचा आहे.

‘तुम्ही काहीच करत नाही’ या त्यांच्या वाक्याविषयी आणखी एक गोष्ट. तुम्ही लिहिले आहे की ‘ती जे सांगेल ते मी करतो’. मला वाटते, त्यांच्या थकव्याचे मूळ त्या सांगण्यातच आहे. लंगोट संपत आले, नखे वाढली, सर्दीचे औषध कोणत्या बाटलीतले किती, पुढची लस कधी, हे सारे एकाच डोक्यात राहते आणि ते डोके कधी रिकामे होत नाही. माझ्या दवाखान्यात पूर्वी टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, आई आणि आजी बसत, वडील फाइल धरून दाराजवळ उभे असत. मी तिसरी खुर्ची ठेवली आणि पहिले तीन प्रश्न वडिलांनाच विचारायचे ठरवले: लघवी दिवसातून किती वेळा, काल काय काय खाल्ले, रात्री कितीदा उठली. सुरुवातीला बहुतेक जण पत्नीकडे पाहत. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला बरेच जण स्वतः सांगू लागले, कारण प्रश्न आपल्याला येणार हे त्यांना ठाऊक झाले होते. तुम्हीही काम घ्याल तेव्हा ते लक्षात ठेवण्यासकट घ्या.

आता कार्यक्रमांविषयी. फक्त वडिलांसाठी असलेला, नाव नोंदवून जाता येईल असा सरकारी वर्ग मी तुम्हाला दाखवू शकत नाही. पण ज्या व्यवस्था आहेत त्यांत वडिलांना मज्जाव नाही, त्यांना कोणी बोलावत नाही एवढेच. आशाताई नवजात बाळाला पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी भेटतात. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांनाही भेटी ठरवून दिलेल्या आहेत. तुमच्या वस्तीत ही सेवा कशी चालते ते जवळच्या महापालिका दवाखान्यात विचारा, आणि नवव्या महिन्याच्या भेटीला घरी थांबून स्वतः बोला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाडीने जे दिवस साजरे करायचे असतात, त्यांत सुपोषण दिवस हा खास करून पतींशी बोलण्यासाठी आहे. अंगणवाडीताईंना त्याची तारीख विचारली तर त्यांना आनंदच होईल, कारण त्या दिवशी पुरुष येत नाहीत ही त्यांची नेहमीची तक्रार मी ऐकतो.

येथे एक आठवण सांगावीशी वाटते. अंगणवाडीची कल्पना ज्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या कामातून रुजवली, त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या होत्या. गिजुभाई मुळात वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या शोधात ते बालशिक्षणाकडे वळले. आपल्याकडच्या बालशिक्षणाच्या मुळाशी एका वडिलांची ही धडपड आहे, हे अंगणवाडीच्या उंबऱ्याशी अडखळणाऱ्या प्रत्येक वडिलांना मी सांगतो.

असे वर्ग चालतात का, याचे उत्तर ‘कसे चालवले जातात त्यावर’ असे आहे. मी सुरुवातीला संध्याकाळी सभागृहात व्याख्यान ठेवले, चाळीस जणांना निरोप दिला, सहा आले आणि दुसऱ्या वेळी दोन. मग लसीकरणाच्या दिवशीच, बाळे मांडीवर असताना, आठ-दहा वडिलांना गोल बसवायला लागलो आणि बोलायला माझ्याऐवजी वर्षभर आधी वडील झालेला एखादा रिक्षाचालक किंवा शेतकरी बसवला. डॉक्टरांनी सांगितलेले ते ऐकून घेत. आपल्यातल्याच माणसाने ‘मला पहिल्या दिवशी भीती वाटली’ असे म्हटले की बोलू लागत. रवांडामध्ये ‘बांदेबेरेहो’ नावाचा कार्यक्रम याच तत्त्वावर चालला. होणारे आणि नवे वडील पंधरा सत्रांसाठी एकत्र येत, त्यांतल्या काही सत्रांना पत्नीही असत, आणि सत्रे घेणारे स्थानिक वडीलच असत. सुमारे १२०० जोडप्यांवर त्याची काटेकोर चाचणी झाली. जवळजवळ दोन वर्षांनी पाहता त्या घरांमध्ये वडील मुलांच्या आणि घरच्या कामात अधिक होते आणि पत्नीला मारहाण होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होते. एका व्याख्यानाने हे होत नाही. तीच माणसे पुन्हापुन्हा भेटावी लागतात. तुमच्या कारखान्यात लहान मुलांचे चार-पाच वडील असतीलच; कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून बोलायला सुरुवात केलीत तरी तो गटच आहे. हसणारे थोडे दिवस हसतील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. घरात दारू किंवा मारहाण असेल तर वडिलांचा सहभाग वाढवा असा सल्ला मी देत नाही. तिथे आधी आई आणि मूल सुरक्षित असणे महत्त्वाचे. तुमच्या पत्राधारे तसे काही दिसत नाही. पत्नीचा थकवा मात्र नीट पाहा. झोप मिळूनही त्या सतत उदास असतील, रडत असतील, कशात मन लागत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे सोबत जा. आणि रात्रपाळीहून आल्यावर मुलीला छातीवर घेऊन सोफ्यावर आडवे होऊ नका. दमलेल्या माणसाला झोप कधी लागते ते कळत नाही आणि सोफ्याच्या फटीत बाळाचा श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. डोळे मिटू लागले की तिला तिच्या अंथरुणावर उताणे ठेवा, किंवा दुसऱ्या जागत्या माणसाकडे द्या.

तुमच्या मुलीला लवकरच नऊ महिने पूर्ण होतील आणि तेव्हा गोवर-रुबेलाची पहिली लस असते. माता व बाल संरक्षण कार्ड आजच पत्नीकडून मागून घ्या, तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवा, तारीख काढा आणि त्या दिवसाची पाळी आताच बदलून घ्या. परिचारिका दंडावर सुई टोचेल तेव्हा मुलीला तुमच्याच मांडीवर बसवा, तिची पाठ तुमच्या छातीला टेकलेली आणि मोकळा हात तुमच्या हातात. ती रडेल, कदाचित आईकडे झेपावेल, तर जाऊ द्या. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबावे लागते. तेवढ्यात ती शांत झाली की पुन्हा उचलून घ्या आणि अंघोळीचे गाणे म्हणत व्हरांड्यात फेऱ्या मारा.